गाडी खोलण्याआधी वही उघडा: जुन्या टू-सीटर स्पोर्ट्स गाडीच्या रिस्टोरेशनचे पहिले पंधरा दिवस



मार्च महिन्यात साताऱ्याच्या बॅचमधल्या एका गॅरेजवाल्या मित्राचा फोन आला. आवाजावरूनच कळत होतं की माणूस एका जागी उभा नाही.

"सर, एमजी आलीये गॅरेजला. १९५२ ची. दोन सीटर, उघडी गाडी. गिऱ्हाईक म्हणतंय, पैशाची काळजी करू नका, नवी करून द्या. उद्यापासून खोलायला घेतो. सुरुवात इंजिनपासून करू की बॉडीपासून?"

मी म्हटलं, "वहीपासून. उद्या पाना हातात घेऊ नका. मी येतो."

त्या पंधरा दिवसांत आम्ही काय केलं, ते या धड्यात क्रमाने लिहितोय. व्हिडिओत वेळ कमी होता, इथे नीट मांडतो. तुमचं गॅरेज असेल तर हे थेट उपयोगी पडेल. गॅरेज नसेल, पण फर्निचर, मशिनरी, घरदुरुस्ती असं लांबणारं काम तुम्ही घेत असाल, तरी हिशोब हाच आहे.

आधी माझी चूक सांगतो

सांगलीत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. दुकानामागे दोन गाड्यांची शेड. २०१८ मध्ये तिथे आम्ही एक फियाट ११०० घेतली. मालक निवृत्त शिक्षक. गाडी त्यांनी उमेदीच्या काळात घेतलेली, घरातलं माणूस असावं तसं बोलायचे तिच्याबद्दल. ४० हजार ॲडव्हान्स दिला. आमच्या मिस्त्रींनी आणि मी हौसेने आठ दिवसांत गाडी सगळी खोलली. नट-बोल्ट भडंगाच्या रिकाम्या बरण्यांत, बाकी पार्ट पोत्यांत. एकावरही चिठ्ठी नाही, यादी नाही.

मग नेहमीचं सुरू झालं. एक पार्ट मिळेना. पत्रेवाला आज येतो, उद्या येतो. रोजची कामं थांबवता येत नव्हती, कारण रोजचे पैसे त्यातूनच. गाडी घोड्यांवर, चाकं काढलेली, कोपऱ्यात उभी. असं सव्वा वर्ष गेलं.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही दुकानातला माल माळ्यावर टाकला. गिऱ्हाइकांच्या तीन चालत्या गाड्या विश्रामबागच्या बाजूला नेऊन लावल्या. फियाट मात्र नेता आली नाही. तिला चाकंच नव्हती. चार माणसं जमवली असती तरी उचलून नेणार कुठे?

पाणी उतरल्यावर सिलिंडरमध्ये गाळ बसलेला होता. सर येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ते वारले. मुलगा आला, तेव्हा मी ॲडव्हान्स परत केला आणि पोती पुढे ठेवली. त्याने पोत्यांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "दादा, हे सगळं बाबांच्याच गाडीचं आहे ना?"

मला छातीठोकपणे हो म्हणता आलं नाही. यादीच नव्हती.

मी बीबीए केलेला माणूस. कॉस्टिंगचा पेपर दिलेला. ते सगळं दुकानाच्या बिलाला लावलं, मागच्या शेडला लावलं नाही. त्यानंतर एकच नियम केला आणि तोच या धड्याचा गाभा आहे. वहीत लिहून घ्या:

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गाडी चाकांवर ढकलत गॅरेजबाहेर जाऊ शकली पाहिजे, आणि त्या दिवशी दोघांचा हिशोब शून्यावर आला पाहिजे.

आता साताऱ्याच्या गाडीकडे येऊ.

गाडी कोणती आहे, ते आधी समजून घ्या

आजच्या पोरांना एमजी म्हटलं की हेक्टर दिसते. मूळ नाव 'मॉरिस गॅरेजेस'. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरात विल्यम मॉरिस यांचं गाड्या विकण्याचं आणि दुरुस्तीचं गॅरेज होतं. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर याने मॉरिसच्या साध्या चेसिसवर वेगळ्या, देखण्या बॉड्या बसवून विकायला सुरुवात केली. त्यातून हा ब्रँड उभा राहिला. म्हणजे ही कंपनीसुद्धा एका गॅरेजमधूनच निघालेली आहे, हे ध्यानात ठेवा.

आपल्या मित्राकडे आली ती टीडी. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत ही बनली, जवळपास ३० हजार गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. १२५० सीसीचं चार सिलिंडर इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, ताकद साधारण ५४ हॉर्सपॉवर. चेसिस वेगळी आणि त्यावर बॉडी वेगळी. बॉडीचा सांगाडा लोखंडाचा नाही, ॲश नावाच्या लाकडाचा आहे आणि त्यावर पत्रा ठोकलेला. मारुती-ह्युंदाईवर हात बसलेल्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तो पत्रा बघतो, आतलं लाकूड बघत नाही.

या गाडीची एक जमेची बाजू आहे. टी मालिकेचे बरेचसे पार्ट इंग्लंड-अमेरिकेत आजही नवे बनतात. म्हणजे पार्ट मिळत नाही हा प्रश्न कमी, पार्ट केवढ्याला पडतो हा जास्त. पार्टची किंमत, तिथून पाठवणी, कस्टम ड्युटी, जीएसटी हे सगळं धरून दारात पडलेला भाव काढायचा. वेबसाइटवरचा आकडा गिऱ्हाइकाला सांगितलात की तुम्ही तिथेच अडकलात.

दिवस १ आणि २: कागद

पाना लावण्याआधी आरसी बुक बघायचं. चार गोष्टी तपासा.

पहिली, गाडी कोणाच्या नावावर आहे? या गाडीचं आरसी बुक गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या नावावर होतं आणि आजोबा वारलेले. अशा वेळी वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. आरसी हरवलं असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. सांगलीचं आरटीओ एमएच १०, साताऱ्याचं एमएच ११, कराडचं एमएच ५०. ज्या आरटीओकडे नोंद असेल तिथे मालकाने जायचं, तुम्ही नाही. नाव कोणाचं यावर घरात दोन भावांचा वाद असेल तर गाडी आत घेऊच नका. तुमच्या शेडमध्ये ती पुराव्यासारखी पडून राहील.

दुसरी, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन वाचा. टीडीच्या इंजिनाचा नंबर आठकोनी पट्टीवर असतो आणि सुरुवातीला 'एक्सपीएजी' अशी अक्षरं असतात. फोटो काढा, आरसीशी जुळवा. जुळत नसेल तर ते त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. सहा महिन्यांनी कळवलं तर इंजिन तुम्हीच बदललं असं ऐकून घ्यावं लागेल.

तिसरी, व्हिंटेज नोंदणी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यापारासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नवीन नोंदणीची फी २० हजार, ती दहा वर्षं चालते, नूतनीकरण ५ हजार. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. ज्या गाडीची आधीच नोंद आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

चौथी, आणि आपल्या धंद्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. त्याच नियमांत अट आहे की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे "जुनं इंजिन काढून दुसरं टाका, काय फरक पडतो" असं गिऱ्हाईक म्हणालं, तर फरक पडतो. असा कुठलाही बदल करण्याआधी मालकाने आरटीओत विचारून यायचं आणि तुम्हाला लेखी द्यायचं.

दिवस ३ ते ५: फोटो आणि रजिस्टर

गाडी जशी आली तशी. धुवायचीसुद्धा नाही. आधी बाहेरून चारी बाजू, मग डॅशबोर्ड, सीटखाली, बॉनेट उघडून दोन्ही बाजू, गाडीखाली. वायर कुठून कुठे जाते, ब्रेक पाइपला कुठे क्लिप आहे, बोल्टखाली वायसर किती आहेत. मोबाइलवर तीनशे फोटो सहज होतात. रोज रात्री ते मोबाइलमधून काढून दुसऱ्या जागी ठेवा, एक प्रत मालकाला पाठवा.

सोबत एक जाड रजिस्टर. प्रत्येक पार्टपुढे तीनपैकी एक शब्द: आहे, नाही, बदललेला. हा तिसरा शब्द महत्त्वाचा. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधनं आली, पार्ट येणं अवघड झालं. इथल्या मिस्त्रींनी गाड्या चालत्या ठेवायला जे हाताशी होतं ते बसवलं. कुठे फियाटचा पार्ट, कुठे ॲम्बॅसेडरचा. त्याला जुगाड म्हणून हसू नका, त्यामुळेच गाडी तुमच्यापर्यंत पोहोचली. पण नोंद करा. आपल्या गाडीला एक कार्ब्युरेटर वेगळा होता आणि हेडलाइट दुसऱ्याच कुठल्या गाडीचे होते.

प्रत्येक पानाखाली मालकाची सही. गिऱ्हाईक आधी हसलं, "माझा विश्वास आहे तुमच्यावर." मित्राने उत्तर चांगलं दिलं. "साहेब, ही सही माझ्यासाठी नाही. उद्या तुमच्या मुलाने विचारलं तर मला दाखवता आली पाहिजे."

दिवस ६ ते १०: न खोलता तपासणी

लाकूड. टीडीची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर असतात. दार अर्धं उघडा आणि टोकाला धरून हळूच वर उचला. नुसती बिजागरी हलली तर ठीक. पत्र्यासकट खांब हलला तर आतलं लाकूड गेलंय. खालच्या लाकडी पट्ट्यांना बारीक स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. चांगलं लाकूड अडवतं, कुजलेलं आत घेतं. आणखी एक सूचना. बॉडी चेसिसवरून उचलायची वेळ येईल तेव्हा दाराच्या जागेत आधी आडवे टेकू ठोकून घ्यायचे. नाहीतर बॉडी दुमडते आणि दारं परत कधी बसत नाहीत.

इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला आल्या आल्या सेल्फ मारायचा नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग हँडलने हळूहळू फिरवा. जुनं पेट्रोल आणि ऑइल काढून टाका. फिरलं तर कॉम्प्रेशन घ्या आणि चारही आकडे रजिस्टरमध्ये लिहा. आपलं इंजिन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरलं. तिघं बघत होतो, कोणी बोलत नव्हतं. हँडल गेलं तेव्हा हेल्परने टाळ्या वाजवल्या.

नट-बोल्ट. इथे ही गाडी फसवते. या इंजिनाचे आटे मेट्रिक मापाचे, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची. चेसिसवरचे बोल्ट बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश बारीक आट्याचे. तुमचा रोजचा बारा-तेराचा पाना डोक्यावर नीट बसणार नाही आणि डोकं गोल करून ठेवेल. आणि डोकं बघून बाजारातला व्हिटवर्थ बोल्ट आणलात तर ब्लॉकचा आटा मारून बसाल. आपल्याकडे जुन्या ऑइल इंजिनांवर काम केलेल्या मिस्त्रींच्या पेटीत व्हिटवर्थ पाने अजून सापडतात. आधी ते जमवा. काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच जागेचा म्हणून चिठ्ठीसकट पिशवीत.

इलेक्ट्रिकल. या गाडीला बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. आजच्या गाड्यांना मायनस. सवयीने उलटी बॅटरी लावली की डायनामोची ध्रुवता बदलते आणि दुरुस्तीचं वेगळंच काम मागे लागतं. बॅटरीच्या जागेवर लाल रंगात लिहून ठेवा: 'प्लस बॉडीला'. वायरीचं कापडी आवरण चुरा होत असेल तर बॅटरी लावूच नका.

ब्रेक. पुढच्या प्रत्येक चाकात दोन व्हील सिलिंडर, मागच्या प्रत्येक चाकात एक. उभ्या गाडीत हे अडकलेले असतातच. चाक फिरत नसेल तर गाडी ओढू नका, आधी ड्रम मोकळा करा.

दिवस ११ ते १३: कोणतं काम कोणाकडे

सगळं आपणच करतो असं म्हणणारा गॅरेजवाला या कामात बुडतो. आपल्या भागात हाताशी काय आहे ते बघा.

मशिनिंगची चिंता आपल्याला कमी आहे. किर्लोस्करवाडी १९१० ची, साताऱ्यातलं कूपर १९२२ पासूनचं, आणि शेजारी कोल्हापूरच्या फाउंड्र्या. शंभर वर्षं या पट्ट्यात नांगर, पंप, ऑइल इंजिन बनतायत आणि दुरुस्त होतायत. त्यामुळे रिबोरिंग, स्लीव्ह, क्रँक ग्राइंडिंग करणारे लेथवाले सापडतात. फक्त त्यांना "एमजीचं इंजिन" असं सांगू नका, माप सांगा. मूळ बोअर ६६.५ मिलिमीटर, स्ट्रोक ९०. आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर करा. उलटं केलंत तर बोअरला पिस्टन शोधत बसाल.

लाकडासाठी दार-खिडक्यांचा सुतार चालेलच असं नाही. वाकलेला जोड बसवणारा हवा. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे-सतार बनवायला घेतले, त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही तेच करतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला यातून एवढंच सांगायचंय की माणूस निवडताना त्याच्या दुकानाची पाटी बघू नका, हात बघा. एक छोटा जोड करून मागा. पैसे द्या त्याचे. जमला तर पुढे बोला.

रंग, कुशन, हूडचं कापड, क्रोम यांचे दर घ्या, पण ॲडव्हान्स देऊ नका. ती कामं शेवटची आहेत. आणि मूळ तपशिलासाठी मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थांमधल्या जुन्या मालकांना विचारा. ज्यांनी ही गाडी एकदा पूर्ण जोडलीय, त्यांचा अर्ध्या तासाचा फोन तुमचा महिना वाचवतो.

दिवस १४ आणि १५: पैसे

आता खरा धडा. मित्राला विचारलं, "तुमच्या गॅरेजमध्ये तीन गाड्यांची जागा. एका जागेत महिन्याला साधी कामं किती होतात?" म्हणाला, तीस. "पार्ट सोडून मजुरी सरासरी किती?" सातशे.

३० गुणिले ७०० म्हणजे २१ हजार. ती एक जागा महिन्याला २१ हजारांची मजुरी मिळवते. एमजी तिथे १४ महिने उभी राहिली तर २ लाख ९४ हजारांची मजुरी गेली. हा आकडा कुठल्याही बिलात दिसत नाही, म्हणून कोणी मागत नाही. मित्र बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसला.

यावर उपाय दोन. एक, गाडीवर ज्या दिवशी हात चालतो त्याच दिवशी ती चालू जागेत. बाकी दिवस मागे किंवा भाड्याच्या गोडाउनमध्ये, आणि त्या उभं राहण्याचं मासिक भाडं मालकाकडून. हे कधी जमेल? गाडी चाकांवर असेल तरच. म्हणून माझा नियम. दोन, संपूर्ण कामाचा एक आकडा द्यायचा नाही. टप्प्याचा आकडा द्यायचा.

टप्पे आम्ही असे पाडले:

१. तपासणी. ठरावीक फी १८ हजार, काम पुढे झालं नाही तरी परत नाही. बदल्यात मालकाला फोटो, रजिस्टर आणि लेखी अहवाल.

२. चाकं, ब्रेक, स्टिअरिंग. शेवटी गाडी ढकलता येते आणि थांबवता येते.

३. इंजिन, रेडिएटर, पेट्रोल लाइन. शेवटी गाडी स्वतःच्या ताकदीने शेडबाहेर येते.

४. लाकूड आणि पत्रा.

५. वायरिंग.

६. रंग, कुशन, हूड, क्रोम.

काही अनुभवी मिस्त्री म्हणतील, बॉडी उतरवायचीच आहे तर ब्रेक पाइप तेव्हाच टाका, दोनदा काम कशाला? तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. पण थोडं काम दोनदा होणं परवडतं. वर्षभर न हलणारी गाडी परवडत नाही. टीडीची चेसिस वेगळी असल्यामुळे बॉडी उतरवली तरी खालचा भाग चाकांवर राहू शकतो, त्याचा फायदा घ्या.

प्रत्येक टप्प्याच्या करारात पाच ओळी हव्यात. मजुरीचा अंदाज, किमान आणि कमाल. मजुरीचा निम्मा ॲडव्हान्स. बाहेरून मागवायच्या पार्टचे पूर्ण पैसे आधी. आत काही नवीन निघालं तर काम थांबवून फोटोसह विचारायचं, तोंडी होकार चालणार नाही. आणि टप्पा संपल्यावर दोघांनाही थांबायची मोकळीक. शेवटची ओळ ऐकून गॅरेजवाले घाबरतात, गिऱ्हाईक जाईल म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. सुटायची वाट दिसली की माणूस निवांत पैसे देतो.

विम्याचं एक काम राहू देऊ नका. तुमच्या गॅरेजच्या पॉलिसीत गिऱ्हाइकाच्या ताब्यात घेतलेल्या गाड्या आग आणि पुरापासून धरल्या आहेत का, ते एजंटकडून लेखी घ्या. बहुतेकांनी कधी विचारलेलंच नसतं. मीही २०१९ पर्यंत विचारलं नव्हतं.

पावसाचं गणित

आपल्याकडे कामाचं कॅलेंडर जूनपासून मोजा. सांगलीत नदीकाठच्या पेठांमध्ये असाल तर जून ते सप्टेंबर गाडी घोड्यांवर ठेवायची नाही, रजिस्टर आणि आरसीची प्रत वरच्या मजल्यावर, आणि पाणी वाढायला लागलं तर गाडी कुठे न्यायची ती जागा मे महिन्यातच ठरलेली. साताऱ्यात पुराची भीती कमी, पण हवा ओली. घासून उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत तांबडा होतो. घासला त्याच दिवशी प्रायमर. नाहीतर घासूच नका. रंगाचं काम दिवाळीनंतर.

पुढे काय झालं

पंधराव्या दिवशी गिऱ्हाइकाला चहाला बोलावलं. अहवाल पुढे ठेवला. उजव्या दाराचा खांब आणि खालची पट्टी कुजलेली, बाकी लाकूड धडधाकट. इंजिन फिरतंय, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी, पण एकमेकांच्या जवळचं. ब्रेक पूर्ण नवे लागणार. वायरिंग पूर्ण नवं. रंग जुना आहे, पण आजोबांच्या वेळचाच.

तो शेवटच्या ओळीवर थांबला. "हा रंग त्यांनी दिलेला? मग तो काढायलाच पाहिजे का?"

नको, असं आम्ही सांगितलं. मोठी रक्कम होती ती. सहावा टप्पा तिथल्या तिथे निम्मा झाला आणि मित्राचा चेहरा जरा पडला. पण गिऱ्हाइकाने दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या करारावर त्याच बैठकीत सही केली आणि ॲडव्हान्स दिला. "नवी करून द्या" म्हणत आलेला माणूस "चालती करून द्या, बाकी हळूहळू बघू" म्हणत गेला. चालतं ठेवणं हीच जुन्या गाडीची पहिली निगा. कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात बाहेर निघते, लोक ती चालताना बघतात, म्हणून ती लोकांच्या मनात आहे.

मे अखेरीस दुसरा टप्पा संपला. मित्राने व्हिडिओ पाठवला. दोन पोरं एमजी ढकलत मागच्या गोडाउनकडे नेतायत, तो स्वतः स्टिअरिंगवर, ब्रेक दाबून दाखवतोय. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच एक स्विफ्ट सर्व्हिसिंगला लागलेली. मी तो व्हिडिओ आमच्या मिस्त्रींना दाखवला. ते म्हणाले, "सरांच्या फियाटला निदान चाकं तरी लावून ठेवायला पाहिजे होती."

गृहपाठ

१. तुमच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त दिवस पडून असलेलं काम कोणतं? आल्याची तारीख लिहा.

२. त्या जागेत साधी कामं झाली असती तर महिन्याची मजुरी किती? महिन्यांनी गुणा.

३. ते काम उद्या अर्धवट परत द्यायचं ठरलं, तर सगळ्या वस्तूंची सही केलेली यादी तुमच्याकडे आहे का? नसेल तर आज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी यादी करायला बसा आणि मालकाला फोन करून सहीला बोलवा.

तिसरा प्रश्न आधी सोडवा. पहिल्या दोन्हींत पैसे आहेत, तिसऱ्यात कोणाच्या तरी घरातली आठवण आहे.